गॉसिप शब्दाची सोयरीक

बसवत नव्हतं म्हणून मी उभी राहायचे आणि उभं राहवत नव्हतं म्हणून चालायला लागायचे. वसईतल्या त्या हॉस्पिटलचा दुसऱ्या मजल्यावरचा बोळ एखाद्या वर्गखोलीएवढाच लांब होता. एका टोकाला पिण्याच्या पाण्याचं यंत्र, दुसऱ्या टोकाला काचेचं दार. त्या दाराआड माझ्या धर्मकन्येची मुलगी इन्क्युबेटरच्या काचपेटीत ठेवलेली होती. सातव्या महिन्यातच जन्मलेली, ओंजळीत मावेल एवढी, नाकातोंडात नळ्या. ती जगते की नाही, याशिवाय त्या बोळात दुसरा विषय नव्हता. आणि बोळातल्या एकुलत्या एका बाकावर त्या मुलीची आजी बसली होती. ती माझी शेजारीण. तिच्याशी माझं तीन वर्षं बोलणं नव्हतं.

म्हणजे बसायचं तर तिच्या शेजारी बसायला लागणार. त्यापेक्षा पाय दुखलेले बरे.

आम्हा वसईच्या ख्रिस्ती लोकांत बाळाचा स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, होतो तेव्हा देवासमोर त्याची जबाबदारी घ्यायला एक धर्मपिता आणि एक धर्ममाता लागते. आईबाप नसले तर, आणि असले तरीही, त्या लेकराकडे लक्ष ठेवायचं हे त्यांचं काम. शेजारणीला मुलगी झाली तेव्हा मी नुकतीच शाळेत नोकरीला लागले होते. पापडी गावातल्या आमच्या दोन वाड्यांमधल्या कुंपणावरून ती म्हणाली होती की नवरा मिळेल तेव्हा मिळेल, मुलगी आत्ताच घेऊन टाक. नवरा काही मिळाला नाही, मीही फारसा शोधला नाही. मुलगी मात्र मिळाली. ती दोन स्वयंपाकघरांत वाढली. एका घरात कोणी रागावलं की दुसऱ्या घरात जेवायची, आणि दोन्हीकडे तक्रार करायची की तिकडे मीठ कमी होतं.

नोकरीभर मी मराठी शाळेतल्या मुलांना इंग्रजी शिकवलं आणि त्यातूनच मला एक खोड लागली. शिंपी कपडा उलटा करून शिवण बघतो, तसा मी शब्द उलटा करून बघते. हा आला कुठून, पूर्वी काय करायचा, आता एवढा सभ्य का दिसतो. त्यासाठी घेतलेल्या जाड कोशाची पाठ दोनदा फाटली आणि मी दोनदा चिकटवली. लोकांना याचा कंटाळा येतो हे मला माहीत आहे. एका लग्नाच्या जेवणात मी 'लेडी' म्हणजे मूळची पावाचं पीठ मळणारी बाई, असं समजावून सांगायला लागले, तेव्हा समोर बसलेल्या नवरीच्या मावशीने ताट उचलून जागा बदलली. तिच्या अंगावर चांगली जरीची साडी होती. पण जित्याची खोड, ती काय हॉस्पिटलात गप्प बसणार? उलट तिथे ती जास्तच चेकाळली. हाताला काम नाही, डोक्याला थारा नाही, मग मी शब्द उसवत बसले.

डॉक्टर तरुण होते, भले होते, आणि दर वेळी बाहेर आले की 'डोन्ट वरी' म्हणायचे. वरी. जुन्या इंग्रजीत विर्गन म्हणजे गळा आवळणे. लांडगा मेंढीला गळ्याशी धरतो आणि हलवतो, ते वरी. मनातली काळजी हा अर्थ त्याला फार उशिरा चिकटला. पण चिकटवणाऱ्याला बरोबर कळलं होतं. डॉक्टर काचेच्या दारातून बाहेर यायचे तेव्हा माझ्या गळ्याशी खरंच काहीतरी यायचं, आणि ते आत गेले तरी सुटायचं नाही. हे मी कोणाला सांगणार? पूर्वी असतं तर तिला सांगितलं असतं. ती बाकावर जपमाळ घेऊन बसली होती आणि तिचे ओठ हलत होते.

तिला मी पूर्वी सगळंच सांगायचे. गॉसिप हा शब्दही. मुलगी रांगायला लागली होती त्या काळातली गोष्ट, तिच्या ओटीवर बसून आम्ही शेंगा सोलत होतो. मी सांगितलं की हा शब्द मूळचा गॉडसिब. गॉड म्हणजे देव आणि सिब म्हणजे सोयरा. पोराचा बाप्तिस्मा झाला की त्याचे आईबाप आणि धर्मआईबाप एकमेकांचे गॉडसिब व्हायचे. रक्ताचं नातं नव्हे, देवाच्या साक्षीने पाण्याने जोडलेलं. पुढे बाळंतिणीच्या खोलीत धीर द्यायला जमणाऱ्या बायकांना तो शब्द लागला. मग त्या बायका जे बोलायच्या त्याला लागला. आणि बाहेर थांबलेल्या पुरुषांना आतलं बोलणं ऐकू येईना, तेव्हा त्यांनी ठरवलं की या कोणाची तरी निंदाच करत असणार. हे शेवटचं माझं स्वतःचं मत आहे, कोशात नाही. शेजारीण शेंग तोंडात टाकून म्हणाली होती की असं असेल तर चहा ठेवते, नातं जरा पक्कं करू. त्या दिवशी आम्ही अंधार पडेपर्यंत नातं पक्कं केलं. गावातलं कोणीही सुटलं नाही.

मग बावखल आलं मधे. बावखल म्हणजे वाडीला पाणी पुरवणारं तळं. वसईत पूर्वी वाडीवाडीला असायचं. आमचं दोन वाड्यांच्या सीमेवर होतं, अर्धं त्यांचं आणि अर्धं आमचं, पण पाण्यावर काही रेघ मारलेली नव्हती. शेजारणीच्या दिरांनी त्यांची वाडी बिल्डरला दिली आणि एक दिवस डंपर येऊन त्या बाजूने माती ओतायला लागले. मी कुंपणाशी जाऊन जे बोलायचं ते बोलले. त्यातलं एक अक्षरही चुकीचं होतं असं मला आजही वाटत नाही. दिरांपुढे तिचं काही चालत नव्हतं हे मला ठाऊक होतं, पण दिरांशी माझी मैत्री नव्हती, तिच्याशी होती, म्हणून मी तिच्यावर ओरडले. त्यावर ती सगळ्यांसमोर म्हणाली की जिच्या पाठी कोणी खाणारं नाही तिने वाडीचा एवढा घोर लावून घेऊ नये.

डंपरवाला पण माती ओतायचा थांबला होता. मी घरात आले, दार लावलं. नाताळला दोन्ही घरांतून फराळाचं ताट जायचं, ते बंद झालं. मला फार लागलं होतं ते. तिला ठाऊक होतं की कुठे मारलं की लागतं, कारण ती जागा मीच तिला दाखवलेली होती, त्याच ओटीवर बसून.

धर्मकन्या तोवर लग्न होऊन नालासोपाऱ्याला फ्लॅटमध्ये राहायला गेली होती. जावई जवळच्या गास गावचा, शांत मुलगा, दोन बायकांच्या भांडणात कुठे उभं राहायचं नाही हे पहिल्या दिवसापासून उमगलेला. रविवारी दोघं यायची, आधी एका घरात, मग दुसऱ्या घरात. मिठाबद्दल ती आता काही बोलायची नाही.

तर आता ती वरच्या मजल्यावर बाळंतपणाच्या टाक्यांमुळे पडून होती, जावई औषधांच्या दुकानाच्या फेऱ्या मारत होता, आणि खाली बोळात आम्ही दोघी. एक बसलेली, एक चालणारी. डॉक्टर काही सांगायचे ते दोघींना एकदम सांगायचे. मग ती तिच्या भावाला फोन करून सांगायची आणि मी माझ्या बहिणीला. एकच बातमी आम्ही एकमेकींकडे पाठ करून दोन दिशांना पाठवायचो.

मी वर धर्मकन्येला भेटायला गेले तेव्हा तिने माझा हात धरला. तिच्या हाताला ताप होता. मुलीला तिने अजून नीट पाहिलंही नव्हतं, नवऱ्याच्या मोबाइलवरचा फोटो तेवढा. ती म्हणाली, "मावशी, तू शब्द दे. माझ्या पोरीवर कोणी घाईघाईत पाणी टाकायचं नाही. ती चर्चमध्ये जाईल, पांढऱ्या झग्यात."

पाणी टाकणं म्हणजे काय, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. बाळाच्या जिवाला धोका असेल, फादर यायला वेळ नसेल, तर कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतं. साधं पाणी आणि एक वाक्य, बस. जुन्या सुइणी ते करत. म्हणजे पाणी टाकलं याचा अर्थ जमलेल्या प्रत्येकाला कळतो. पाणी टाकलं म्हणजे आशा सोडली. तिला तेच नको होतं. तिला वाटत होतं की कोणीतरी आशा सोडली तर मुलीला ते समजेल. मी शब्द दिला. आईकडूनही घे म्हटलं, तर म्हणाली की आई रडेल, तिला काही सांगू नकोस, तू खंबीर आहेस.

खंबीर. जिना मी कठडा धरून उतरले.

मिडवाइफ या शब्दात मिड म्हणजे 'सोबत' आणि वाइफ म्हणजे नुसती 'बाई', कोणाची बायको नव्हे. बाईच्या सोबत असलेली, ती मिडवाइफ. तिने काय करायचं ते शब्दात कुठे नाही, फक्त असायचं. हे मला शाळेत शिकवताना फार सुंदर वाटायचं. बोळात मात्र त्याचा राग आला. नुसतं असून काय होतं? मी पाण्याच्या यंत्रापर्यंत गेले, परत आले, परत गेले. शेजारणीने एकदाच मान वर करून माझ्या चपलांकडे पाहिलं. आवाज होत असणार. मी चपला काढून हातात घेतल्या आणि अनवाणी चालायला लागले.

आम्हा दोघींना आळीपाळीने आत सोडत. हात कोपरापर्यंत धुवायचे, अंगावर हिरवा झगा चढवायचा, बोलायचं नाही. एका दुपारी माझी पाळी आली तेव्हा पेटीभोवती माणसं जमलेली होती. यंत्र ओरडत होतं. बाळाचा रंग जांभळट झाला होता. डॉक्टरांनी काहीतरी केलं, यंत्र गप्प झालं, ते दुसऱ्या पेटीकडे धावले. या वेळी ते 'डोन्ट वरी' म्हणाले नाहीत. मी तिथेच उभी होते. तिची छाती हलते आहे की मला तसं वाटतं आहे, हे कळेना.

लहानपणी आम्ही इंग्रजीतून श्रद्धेची जी प्रार्थना पाठ केली, तिच्यात प्रभू परत येऊन 'क्विक' आणि मेलेल्यांचा न्याय करणार असं होतं. मला वाटायचं की क्विक म्हणजे भराभर चालणारे, म्हणजे मी. माझा न्याय आधी होणार या भीतीने मी काही दिवस मुद्दाम हळू चालले होते. पुढे कोशाने सांगितलं की क्विकचा जुना अर्थ 'जिवंत', एवढाच. पोटातलं बाळ पहिल्यांदा हलतं त्यालाही तोच शब्द वापरत. भराभर हा अर्थ नंतरचा, जिवंत माणूस हलतो म्हणून. त्या दुपारी पेटीच्या काचेला नाक लावून मी एकच गोष्ट बघत होते. हल. जरा तरी हल.

ती हलली नाही. आणि मी दिलेला शब्द मोडला.

तिथली सिस्टर केरळची होती, गळ्यात बारीक क्रूस. मी तिच्याकडे पाहिलं, फक्त पाहिलं. तिने काही विचारलं नाही. सुई नसलेली एक सिरिंज तिने माझ्या हातात दिली आणि पेटीची गोल खिडकी उघडली. "जल्दी, आंटी," म्हणाली. सिरिंजमधलं पाणी कोमट होतं. म्हणजे तिने ते आधीच तयार ठेवलं होतं. हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

मी हात आत घातला. केवढंसं कपाळ ते, माझ्या अंगठ्याच्या नखापेक्षा जेमतेम मोठं. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. नाव द्यायचं असतं, मला एकही सुचेना, आयुष्यभर शब्दांत घालवलं आणि एक नाव सुचेना. शेवटी देवमातेचं नाव घेतलं, ते कोणालाही चालतं. मग अंगठ्याने कपाळावर क्रूस काढला. तिच्या टाचेवर सुया टोचून टोचून रक्ताचे ठिपके सुकलेले होते. 'ब्लेस' या शब्दाच्या पोटात 'ब्लड' आहे, रक्त लावून पवित्र करणे हा त्याचा मूळ अर्थ, असं जाणकार म्हणतात. मला ते कधी पटलं नव्हतं. ते ठिपके पाहिले आणि पटलं, आणि असलं काही आपल्याला पटू नये असंही वाटलं.

बाहेर आले तर शेजारीण बाकावर नव्हती, प्यायला पाणी घेत होती. आम्ही एकमेकींसमोरून गेलो. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि खाली बघितलं. मी सरळ जिन्यात जाऊन उभी राहिले आणि रडले. मुलगी जाणार म्हणून रडले, आणि ती जाणार असं मी मान्य केलं म्हणून जास्त रडले.

आणि मग ती गेलीच नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर हसले. काही दिवसांनी एक नळी निघाली, नंतर दुसरी. वजन ग्रॅमाग्रॅमाने वाढत होतं आणि जावई ते आकडे लॉटरी लागल्यासारखे वाचून दाखवायचा. धर्मकन्या खाली येऊन पेटीपाशी बसायला लागली. पहिल्यांदा मुलीला छातीशी धरलं तेव्हा मला म्हणाली, "मावशी, तू शब्द पाळलास म्हणून." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? चांगलं झालं त्याचा आनंद करायचा सोडून मी चोरासारखी घरी आले. आणखी एक गोष्ट मला टोचत राहिली. धर्मशिक्षणात शिकवलं होतं की पाणी कपाळावरून वाहिलं पाहिजे, नुसतं ओलं करून भागत नाही. वाहिलं होतं का? आठवेना. झालं असेल तर मी शब्द मोडला, आणि झालं नसेल तर तो मोडूनही काही साधलं नाही. आगीतून फुफाट्यात.

फादरना सांगून मोकळं व्हावं म्हणून मी चर्चपर्यंत गेले आणि बाहेरच्या बायकांकडून भाजी घेऊन परत आले. पुन्हा एकदा गेले. कन्फेशनच्या रांगेत उभीही राहिले. पुढे दोनच माणसं उरली तेव्हा मला गॅस बंद केला की नाही याची शंका आली. गॅस बंद होता.

मुलीला घरी आणलं ते आजीच्या घरी, बाळंतीण माहेरीच असते. म्हणजे मुलीला बघायचं तर मला त्या घरात पाऊल टाकणं आलं. मी मागच्या दाराने जायला लागले. तीन वर्षांत त्यांनी ओटा बदलला होता, टाइल्स नव्या होत्या. शेजारीण माझ्यासमोर चहा ठेवायची पण 'घे' म्हणायची नाही. मी तो प्यायचे पण 'छान झालाय' म्हणायचे नाही. चहा छान असायचा. तिला माझी साखर अजून लक्षात होती. मधे मुलगी चादरीत हातपाय मारत पडलेली असायची आणि आम्ही दोघी तिच्याशीच बोलायचो. ती म्हणायची, कोन आलं बाय बघ. मी म्हणायचे, आलेय हो, आले. असं आमचं बोलणं त्या पोरीच्या पत्त्यावर चालायचं. खिडकीतून बावखलाच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीची भिंत दिसायची. मी तिकडे पाठ करून बसायचे.

मुलगी कशालाही हसायची, पंख्याला, भांड्याला, माझ्या चष्म्याला. एकदा मी तिला 'सिली' म्हटलं आणि घरी येऊन, खोडच ती, कोश उघडला. सिलीचा मूळ अर्थ धन्य, सुखी, देवाची कृपा असलेला. मग निष्पाप. मग बिचारा. मग मूर्ख. अशी त्या शब्दाची एकेक पायरी घसरण झाली. मला वाटलं, माझंही तेच झालं आहे. पण मी त्या पायऱ्या उतरत होते की उलट्या टोकाने चढत होते, ते काही समजेना. रात्री झोप लागायची नाही. कोणी सांगितलं तर? सिस्टरने सांगितलं तर? त्यापेक्षा आपणच सांगावं. मग सकाळ व्हायची आणि धर्मकन्या कुंपणावरून हाक मारायची आणि माझी जीभ टाळ्याला चिकटायची.

स्नानसंस्काराची तारीख ठरली. पांढरा झगा शिवून आला, त्या मुलीच्या मानाने बराच मोठा. त्याआधी फादर आईबापांना ऑफिसात बोलावतात, विधी समजावतात, नोंदीसाठी नावं घेतात. धर्मकन्या म्हणाली की तुम्ही दोघीही चला, एकीला नेलं तर दुसरीचं तोंड कोण बघणार. म्हणून आम्ही सगळे रिक्षाने गेलो. जावई पुढे, आम्ही तिघी मागे, मधे धर्मकन्या कुंपणासारखी, आणि तिच्या मांडीवर झोपलेली मुलगी.

फादर तरुण होते, घाईत होते, टेबलावर चार कामं पडलेली. त्यांनी नाव विचारलं. धर्मकन्येने आधीपासून ठरवलेलं एक आधुनिक, छोटंसं नाव सांगितलं. त्यांनी ते लिहायला पेन टेकवलं आणि सहज विचारलं, "बाळ इतके दिवस हॉस्पिटलात होतं. तिथे कोणी पाणी घातलं होतं का? घातलं असेल तर सांगा. बाप्तिस्मा दोनदा होत नाही."

धर्मकन्या ताठ बसली. नाही म्हणाली, मी कोणाला घालू दिलं नाही, मावशीला विचारा. आणि माझ्याकडे अशा काही विश्वासाने बघितलं की माझ्याच्याने ते बघवेना. मी पायाखालच्या फरशीकडे बघत सांगून टाकलं. की मी घातलं. त्या वाईट दुपारी. तुला शब्द दिला होता तरी घातलं.

पंखा फिरत होता. धर्मकन्येने मुलीला जरा घट्ट धरलं, माझ्यापासून दूर. ते मला दिसलं. आता ही आयुष्यात माझ्यावर विश्वास ठेवणार नाही, असं मला वाटलं.

तेवढ्यात भिंतीकडच्या खुर्चीतून शेजारीण म्हणाली, "हिच्या आधी मी घातलं."

सगळे तिच्याकडे वळलो. ती पर्सचा पट्टा बोटांना गुंडाळत होती. जन्मली त्याच दिवशी, म्हणाली, मला पहिल्यांदा आत सोडलं तेव्हा. सिस्टरकडून पानी मागून घेतलं. ते कोमट पाणी आणि न विचारता उघडलेली खिडकी, सगळं तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. फादर खुर्चीत मागे रेलले आणि हसू दाबत म्हणाले की मग पहिलाच बाप्तिस्मा खरा, टीचरनी बाळाचं नुसतं तोंड धुतलं. मला राग यायला हवा होता. पण पाणी वाहिलं की नाही याची चिंता तरी मिटली.

धर्मकन्येला हसू आलं नाही. ती आईला म्हणाली, "पहिल्याच दिवशी? म्हणजे ती जाणार असं तुला पहिल्याच दिवशी वाटलं?"

फादरनी पेन पुन्हा उचललं आणि हळू आवाजात विचारलं की त्या वेळी नाव काय दिलं होतं, कारण नोंदीत तेच पहिलं येईल.

शेजारणीने पट्टा सोडला, परत गुंडाळला. मग तिने माझं नाव सांगितलं. अर्धं नाही, सबंध, माझ्या बाप्तिस्म्याचं, जे आता बँकेशिवाय कोणी घेत नाही.

फादरना ते कोणाचं नाव ते कळलं नाही, ते लिहायला लागले. जावयाने चमकून माझ्याकडे पाहिलं. मला फक्त टेबलाची कड दिसत होती. धर्मकन्या म्हणाली की मावशीचं नाव कसं, तुम्ही तर बोलतसुद्धा नव्हता.

"म्हनून तं," शेजारीण म्हणाली. ती माझ्याकडे बघत नव्हती, लेकीकडे बघत होती. "ती जानार असं वाटलं म्हनून नाय घातलं पानी. मला तिला जाऊ द्यायची नव्हती. हिच्याएवढं हट्टी मानूस आपल्या अख्ख्या गावात नाय. तीन वर्सं झाली, जागची हटली नाय. म्हटलं हिचं नाव लावलं तं पोर पन हटनार नाय."

मुलगी जागी झाली. आधी तिने तोंड वेडंवाकडं केलं, मग सगळं चर्च गोळा होईल असा टाहो फोडला. आता तिच्या छातीत भरपूर दम आला होता. धर्मकन्येने तिला थोपटलं, खांद्यावर घेतलं, ती थांबेना. धर्मकन्येचेही डोळे वाहत होते आणि राग अजून उतरला नव्हता. ती उठली, आईला ओलांडून माझ्यापाशी आली आणि मुलगी माझ्या मांडीवर ठेवली.

"धर," म्हणाली. "तुझं नाव रडतंय."